पाहिजेत : स्वारीसाठी चाळीस माणसे

एक राक्षस मारायला किती माणसं लागतात, या प्रश्नावर जगात एकमत नाही. आपल्या पुराणांत हे काम बहुधा एकटाच कोणीतरी उरकतो आणि बाकीचे आकाशातून पुष्पवृष्टी करतात. संगणकावरच्या खेळांत मात्र हिशेब निराळा आहे. १९९९ साली या प्रश्नाचं उत्तर होतं, 'जमतील तेवढी आणा.' २००४ साली उत्तर आलं, 'चाळीस.' २००७ साली ते 'पंचवीस' झालं. २०११ साली 'कुठलीही पंचवीस चालतील' असं ठरलं. आणि २०२४ साली तर, 'तुम्ही एकटेच या हो, बाकीचं आम्ही बघतो' इथवर मजल गेली. मोगलांचा, मराठ्यांचा, इंग्रजांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. पण पाव शतकात चाळीस माणसांची एक माणूस कशी झाली, हा इतिहास आपल्याकडे कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक मुलखात वावरतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. (मूळ कल्पना जुनी आहे. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली नुसत्या अक्षरांचा असा एक मुलूख उभा केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला.) या मुलखात काही राक्षस असे असतात की ते चार-पाच जणांना दाद देत नाहीत. त्यांच्यावर मोठी टोळी घेऊन जावं लागतं. त्याला म्हणतात 'रेड'. आपण स्वारी म्हणू. स्वारीत कामं तीन. टँकने पुढे उभं राहून मार खायचा. हीलरने मार खाणाऱ्याला जिवंत ठेवायचं. उरलेल्यांनी राक्षसाला बडवायचं. बडवायला माणसं हवी तेवढी मिळतात. मार खायला आणि सेवा करायला मिळत नाहीत. हे संगणकाबाहेरही असंच आहे.

या बखरीचा पहिला अध्याय 'एव्हरक्वेस्ट' या खेळाचा. साल १९९९. त्यात नागाफेन आणि व्हॉक्स असे दोन ड्रॅगन होते आणि त्यांना मारण्यासाठी लोक डझनांनी जमत. मरण तिथे फार महाग होतं. मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा, आणि सगळं सामान जिथे मेलात तिथेच, तुमच्या प्रेताजवळ. तुम्ही पुन्हा जन्म घ्यायचा तो दूर कुठेतरी, जवळजवळ उघड्या अंगाने. मग तिथून पळत येऊन स्वतःचं प्रेत शोधायचं आणि त्याच्या अंगावरचं चिलखत उतरवून पुन्हा चढवायचं. म्हणजे ड्रॅगनला मारायला पन्नास जण गेले आणि सगळे मेले, की पन्नास उघडेबंब वीर आपापलं प्रेत धुंडाळत हिंडताहेत, असं दृश्य. आपल्या वेताळाने हे पाहिलं असतं तर विक्रमाला गोष्टीच सांगितल्या नसत्या.

पण या हालांतून एक गोष्ट आपोआप घडली. माणसं एकमेकांना ओळखू लागली. कोण वेळेवर येतो, कोण प्रेत शोधायला मदत करतो, कोण ऐन वेळी 'घरी पाहुणे आलेत' म्हणून सटकतो, सारं सगळ्यांना ठाऊक. गिल्ड उभी राहिली. गिल्ड म्हणजे सरळ आपलं मंडळ. त्यात अध्यक्ष, खजिनदार, रुसलेले माजी अध्यक्ष आणि त्यांनी काढलेलं दुसरं मंडळ, सगळं आलं. २००३ च्या नोव्हेंबरात 'केराफिर्म' नावाचा एक ड्रॅगन अशा मंडळांनी एकत्र येऊन मारला. तो मरावा अशी कंपनीची योजनाच नव्हती. जवळजवळ दोनशे माणसं तीन तासांहून जास्त वेळ त्याला बडवत होती. त्याआधीच्या प्रयत्नात तो बराच घायाळ झाला असताना कंपनीच्या माणसांनी तो अदृश्य केला होता. त्यावर इतका गहजब झाला की कंपनीला माफी मागून ड्रॅगन परत आणून द्यावा लागला. चुकलेली वस्तू बदलून मिळाल्याचं हे उदाहरण ग्राहक चळवळीने जपून ठेवावं.

आता राक्षस मेला, की पुढचा प्रश्न लुटीचा. 'लूट' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. त्यामुळे या भागात मला थोडं घरच्यासारखं वाटतं. माणसं पन्नास आणि तलवारी दोन. वाटणी कशी करायची? त्यावर १९९९ च्या सुमारास तोडगा निघाला, 'ड्रॅगन किल पॉइंट्स'. जो स्वारीला येईल त्याला गुण, आणि साठलेले गुण मोजून वस्तू घ्यायची. थोडक्यात हजेरीपत्रक! कारकुनीला कंटाळून माणसं ड्रॅगन मारायला गेली आणि तिथे त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली, तर हजेरीपट घातला.

दुसरा अध्याय 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा. नोव्हेंबर २००४. इथे स्वारीची संख्या पक्की झाली, चाळीस. 'मोल्टन कोअर' नावाच्या तापलेल्या गुहेच्या तळाशी रॅग्नारोस नावाचा अग्निपुरुष बसलेला असे. त्याला पहिल्यांदा पाडायला जगातल्या मंडळांना सुमारे पाच महिने लागले. चाळीस जणांना बुधवारी रात्री नऊ वाजता एका जागी आणणं म्हणजे काय असतं, हे ज्याने सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलावली आहे त्यालाच कळेल. तिथे गणसंख्येअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेता येते. रॅग्नारोसपाशी ही सोय नाही.

आणि ज्यांना जमत नसे त्यांचं काय? ज्यांची पाळी रात्रीची, ज्यांच्या घरी तान्हं मूल, ज्यांना 'दिवा कधी मालवणार' असं विचारणारं कोणी आहे, ते सगळे दाराबाहेर. २००६ च्या जूनमध्ये 'नॅक्सरामास' नावाची एक भव्य स्वारी खेळात आली. कलावंतांनी जीव ओतून दालनं रंगवली, संगीत केलं, एकाहून एक राक्षस घडवले. आणि ते बघायला पोचले खेळणाऱ्यांपैकी अगदी थोडे. पैसे सगळ्यांनी भरलेले, पण शेवटचा अंक पाहायची परवानगी पहिल्या रांगेलाच. अडीच वर्षांत कंपनीला तीच स्वारी सोपी करून पुन्हा लावावी लागली, या वेळी दहा किंवा पंचवीस जणांसाठी.

मधल्या काळात, २००७ साली, चाळिसाचे पंचवीस झाले होते. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या मंडळात चाळीस होते त्यांतल्या पंधरांना काय सांगायचं? शिवाय त्याच वर्षी 'काराझान' नावाची दहा जणांची स्वारी निघाली. पंचविसाला दहाने भागा. दोन टोळ्या गेल्या की पाच जण उरतातच. मैत्री तुटायला माणसांना भांडणच लागतं असं नाही, भागाकारही पुरतो.

मग २९ नोव्हेंबर २०११ रोजी 'रेड फाइंडर' आला आणि माझ्यासारख्याचा या इतिहासात प्रवेश झाला. मंडळ नको, हजेरी नको, बुधवार नको. एक बटण दाबायचं. यंत्र कुठून कुठून पंचवीस अनोळखी माणसं गोळा करतं आणि स्वारीवर सोडतं. राक्षस सौम्य केलेले. पुढे पुढे तर अशी दया आली की सगळे मेले की पुढच्या खेपेला सगळ्यांची ताकद थोडी वाढते. पुन्हा मेलात, आणखी वाढते. नापास होण्याबद्दल गुण वाढवून देणारी शाळा मला लहानपणी मिळाली असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

या बटणाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. दिवसाकाठी एक तास मोकळा मिळणाऱ्या माणसाला गोष्टीचा शेवट बघायला मिळाला, हे मोठंच काम झालं. पण पहिल्या स्वारीतच माझ्या एक लक्षात आलं. कोणी बोलत नाही. पंचवीस जण, चार राक्षस, पाऊण तास, आणि शब्द एक नाही. शेवटचा ड्रॅगन कोसळला आणि दहा सेकंदांत सगळे अदृश्य. लोकलमध्ये सुद्धा चौथ्या सीटवरचा माणूस उतरताना 'बसा' म्हणतो. आणि जे कोणी बोलत, ते लुटीवरून. सुरुवातीला एकाच वस्तूवर सगळ्यांचे फासे पडत आणि तुंबळ युद्ध होई. २०१२ साली कंपनीने ज्याचा त्याचा वाटा यंत्रानेच परस्पर द्यायची पद्धत आणली. भांडण मिटलं, आणि बोलायचं उरलेलं एकमेव कारणही मिटलं.

बायकोने एकदा मागे उभं राहून विचारलं, ''अहो, हे चोवीस जण कोण?''

''माहीत नाही.''

''आणि तुम्ही तासभर त्यांची मलमपट्टी करताय?'' असं म्हणून ती आत गेली. स्वारीच्या इतिहासावर याहून नेमकं भाष्य मी वाचलेलं नाही.

आता तुलना. इतर खेळांनीही दारं उघडली, पण प्रत्येकाची दार उघडायची तऱ्हा वेगळी. त्यांचा कस लावायला मी एकच प्रश्न करतो. ज्याला काही येत नाही असा नवखा माणूस टोळीत शिरला, तर बाकीच्यांना काय होतं?

रेड फाइंडरमध्ये तो ओझं असतो. त्याच्या चुकीने वेळ जातो, आणि वेळ जाऊन आपल्याला मिळत काहीच नाही. म्हणून त्याला शिकवण्यापेक्षा मत टाकून हाकलणं सोपं.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या 'गिल्ड वॉर्स २' मध्ये तो निव्वळ आणखी एक माणूस असतो. तिथे राक्षस उघड्या माळावर ठरल्या वेळी उगवतात. जो असेल त्याने यावं, मारावं, प्रत्येकाला त्याचा त्याचा वाटा. आणि पडलेल्या परक्याला हात देऊन उठवलंत तर अनुभवाचे गुण तुम्हालाच. २०१३ च्या सप्टेंबरात त्यांनी टेकॅटल नावाचा ड्रॅगन एकदम कठीण केला आणि पंधरा मिनिटांची मुदत घातली. तेव्हा माळावरची जत्रा आपसात ओरडून तोफा कोण सांभाळणार ते ठरवू लागली. जत्रेतही पुढारी निघतातच.

आणि तिसरी तऱ्हा 'फायनल फँटसी १४'ची. हा खेळ २०१० साली साफ पडला होता. नाओकी योशिदा यांनी तो उचलून २०१३ साली नव्याने उभा केला. त्यात आठ-आठच्या तीन टोळ्या मिळून चोवीस जणांची स्वारी असते. पहिली होती स्फटिकाच्या मनोऱ्याची, 'क्रिस्टल टॉवर'. इथे टोळीत कोणी पहिल्यांदाच आलेलं असलं की खेळ सुरुवातीलाच जाहीर करतो : आज नवीन माणूस आहे, काम फत्ते झाल्यावर सगळ्यांना जादा बक्षीस. झालं! तोच नवखा, त्याच चुका, पण आता तो लक्ष्मीच्या पावलांनी आलेला. लोक त्याला वाट दाखवतात. जुन्या खेळाडूंनी जुन्या स्वाऱ्यांना जावं म्हणून रोजचं वेगळं बक्षीस. आणि २०२० च्या ऑगस्टपासून तर क्रिस्टल टॉवर मुख्य कथेतच सक्तीचा झाला, त्यामुळे नव्यांचा ओघ आटत नाही. शिवाय तिथे इंग्रजी, जपानी, जर्मन आणि फ्रेंच या भाषांतली ठराविक वाक्यं यंत्र आपणहून उलथवतं. मी इंग्रजीत 'नमस्कार' घातला तर जपान्याला तो जपानीत दिसतो. मराठीची सोय नाही, पण मला आता सवय आहे.

म्हणजे सभ्यपणा हा संस्कारांचा भाग आहे, असं जे लहानपणी आम्हांला सांगितलं गेलं ते पूर्ण खरं नसावं. माणसं तीच. बऱ्याचदा एकच माणूस सोमवारी एका खेळात नवख्याला हाकलतो आणि मंगळवारी दुसऱ्यात त्याची वाट बघत थांबतो. मधे बदलतो तो फक्त वाटणीचा नियम.

गंमत अशी की २०१९ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टची जुनी, चाळीस जणांची आवृत्ती पुन्हा सुरू केली, तेव्हा लोकांची झुंबड उडाली. पाच महिने दाद न देणारा रॅग्नारोस या वेळी आठवडाभरही टिकला नाही. तेव्हा लोक अवघडपणासाठी परत गेले, हे मला पटत नाही. ते चाळीस जणांसाठी गेले असावेत. आणि दुसऱ्या टोकाला २०२४ साली त्याच खेळाच्या नव्या आवृत्तीत शेवटच्या राणीशी एकट्याने लढायची सोय आली. सोबतीला यंत्राचीच माणसं. ती वेळेवर येतात, रुसत नाहीत, लूट मागत नाहीत. अशा गुणी माणसांशी काय बोलायचं, हा प्रश्न मात्र आहे.

मला विचाराल तर मी मधेच थांबलो आहे, चोवीस जणांपाशी. त्या खेळात स्वारी संपली की आपल्या टोळीतल्या सात जणांपैकी एकाला शाबासकीचं मत देता येतं. ते दिल्याने आपल्याला काहीही मिळत नाही. बहुतेक जण ते देऊन निघून जातात. मी जरा वेळ घेतो. मार खाणाऱ्याला द्यावं, की दोनदा खड्ड्यात पडून तिसऱ्यांदा बरोबर उडी मारणाऱ्या त्या नव्या पोराला? महापालिकेच्या निवडणुकीतही मी इतका विचार करत नाही. शेवटी पोराला देतो. पडद्यावर त्याचं नाव मिटायच्या आत तो काहीतरी लिहितो. बहुधा जपानीतलं 'आभारी आहे' असतं. यंत्र ते मला इंग्रजीत दाखवतं आणि मी ते मराठीत वाचतो.