गवळाऊ गोऱ्ह्याची पारख

मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव पहुडलेल्या हनुमानाच्या मूर्तीमुळे प्रसिद्ध आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. नागपूरला लागून असलेला हा मराठीभाषक सीमाभाग गवळाऊ या गोवंशाच्या मूळ प्रदेशात मोडतो. वर्धा, नागपूर, सिवनी, बालाघाट व छिंदवाडा या पट्ट्यात गवळ्यांनी तो जोपासला. पांढरा-करडा रंग, अरुंद लांबट डोके, हलका बांधा आणि वेगवान चाल ही त्याची लक्षणे होत. मराठा सैन्याच्या वाहतुकीसाठी हे चपळ बैल वापरले जात. विदर्भातील शंकरपटात आजही याच वेगाला मोल आहे.

शर्यतीसाठी गोऱ्हा निवडताना प्रथम दात पाहतात. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात व ते आठ असतात. दुधाचे सर्व दात शाबूत असलेला गोऱ्हा ‘अदत’ होय. कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण अडीच वर्षांच्या सुमारास येते. आठही दात जुळण्यास पाच वर्षांच्या आसपासचे वय लागते. तोपर्यंत हाडांची वाढ चालूच असते. म्हणून अदत गोऱ्ह्याचा वेग ही केवळ शक्यता समजावी, सिद्धी नव्हे.

त्यानंतर बांधा तपासावा. छाती खोल, पाय सरळ, सांधे सुजेविना आणि खूर घट्ट व सारखे असावेत. गोऱ्हा सपाट व कठीण जमिनीवर चालवून पाहावा. लंगड असल्यास ती चालीत उघड होते. स्वभावही महत्त्वाचा आहे. गर्दीने बिथरणारा गोऱ्हा एकटा कितीही पळाला, तरी जोडीत जोडीदारालाही मागे खेचतो.

पटात धाव सेकंदांत मोजली जाते. एका दिवसाच्या उत्तम वेळेवरून भाव ठरवणे ही सर्वांत महाग चूक ठरते. त्या वेळेत जोडीदार, धुरकरी, धावपट्टी व ऊन यांचा वाटा असतो. निरनिराळ्या जोडीदारांसह झालेल्या अनेक धावा पाहाव्यात आणि धावेनंतर श्वास किती लवकर पूर्ववत होतो व दुसऱ्या दिवशी गोऱ्हा चारा खातो का, याकडे लक्ष द्यावे. दमछाक न होता वेळ हळूहळू सुधारत असेल, तर भवितव्य आश्वासक मानावे.

कायद्याचाही विचार हवा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलशर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये केलेली कायद्यातील दुरुस्ती घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवली; परंतु ती महाराष्ट्रापुरतीच आहे. सीमा ओलांडून गोऱ्हा घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. शर्यतीत न चमकलेला गोऱ्हाही शेतीत व वंशवृद्धीत उपयोगी पडतो. कोवळ्या वयात पळवून पाय गमावलेला गोऱ्हा मात्र पटालाही मुकतो आणि नांगरालाही.