ठराव, प्रश्न आणि चवदार तळ्याचे पाणी



मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतला एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका सभासदांनी गणेशोत्सवाच्या हॉलच्या अनामत रकमेबद्दल चार ओळींचा लेखी प्रश्न कार्यकारिणीकडे दिला होता. रक्कम काही मोठी नव्हती. ती परत मिळाली का, आणि मिळाली असल्यास कोणत्या खात्यात जमा झाली, एवढेच त्यांना हवे होते. प्रश्न वाचून दाखवताच कुजबूज सुरू झाली. "सगळी आपलीच माणसे आहेत, नोकरी सांभाळून रात्री जागतात, मग हा अविश्वास कशाला?" असे मागून कोणीतरी म्हणाले. विचारणारे गृहस्थ ओशाळून खाली बसले. तेवढ्यात बटाटेवडे आले आणि विषय तिथेच राहिला. कार्यकारिणीत आम्हीही होतो, आणि आम्हीही गप्प बसलो.

घरी आल्यावर मात्र ते मनाला लागून राहिले. आमचा पेशा रसायनशास्त्राचा. प्रयोगशाळेत वहीत न लिहिलेला प्रयोग झालाच नाही असे धरतात, आणि "हा आकडा कुठून आला?" असे विचारल्यावर कोणी रुसत नाही. मग चार लोकांच्या पैशाच्या कामात प्रश्नाला आपण का घाबरतो? या निमित्ताने आम्ही जुनी पुस्तके काढली आणि लोकप्रतिनिधींनी सरकारला जाब विचारायची पद्धत आपल्याकडे कशी आली, ते वाचून काढले. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुलांनाही सांगण्यासारखी हकिगत आहे, म्हणून येथे देत आहोत.

१८६१ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळाले. पण त्यात समोर ठेवलेल्या विधेयकापलीकडे बोलायची सभासदाला मुभा नव्हती. सरकार काय करते हे विचारायची सोय १८९२ च्या कायद्याने झाली, आणि तीही किती, तर प्रश्नाची आगाऊ सूचना द्यायची, सरकार देईल ते उत्तर ऐकायचे आणि गप्प बसायचे. उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. १९०९ च्या कायद्याने दोन गोष्टींची भर पडली. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि सार्वजनिक हिताच्या विषयावर सभासदाला ठराव मांडता येऊ लागला. मात्र ठराव मंजूर झाला तरी ती सरकारला केलेली केवळ शिफारस. पाळायची की नाही, हे सरकारच्या मर्जीवर.

एवढ्या तोकड्या साधनांनी काय होणार, असे कोणालाही वाटेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना तसे वाटले नाही. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार खजिन्यातली शिल्लक अभिमानाने दाखवत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन सांगितले, की ही शिल्लक म्हणजे लोकांच्या भरभराटीची खूण नाही, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा तो पुरावा आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर आणि १९०७ साली एक रुपयावर. हे सर्व एका भाषणामुळे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मत नसलेला सभासदही आकडे नीट मांडून सरकारला उत्तर द्यायला लावू शकतो, हे लोकांना दिसले.

ठराव मांडायचा नवा हक्क मिळाल्यावर गोखल्यांनी तो कशासाठी वापरला, हे आपण परदेशात राहणाऱ्यांनी तर अवश्य लक्षात ठेवावे. १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर नेले जात. त्यांनाच पुढे गिरमिटिया म्हणू लागले. करार संपल्यावर तिथेच राहायचे तर माणशी तीन पौंड वार्षिक कर द्यावा लागे. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी ठराव मांडला, की नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. मग मार्च १९१२ मध्ये त्यांनी सर्वच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करण्याचा ठराव आणला. तो नामंजूर झाला. पण विषय कामकाजाच्या नोंदीत जाऊन बसला होता. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी तसाच ठराव मांडला तेव्हा सरकारला तत्त्व मान्य करावे लागले, आणि १९१७ साली गिरमिटाची भरती थांबली. गोखले १९१५ सालीच वारले होते.

आता दुसरी हकिगत, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. सीताराम केशव बोले हे मुंबईच्या कामगार चळवळीतले कार्यकर्ते, कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक, आणि भंडारी समाजातले सुधारक. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. ठराव मंजूर झाला.

पुढे काय झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना हुकूम काढला, की सरकारच्या मालकीच्या जागांपुरती या ठरावाची अंमलबजावणी करावी. नगरपालिका व लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र भाषा मऊ झाली. ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का, याचा त्यांनी विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, असे ठरले. सरकारी कागद वाचायची सवय असलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. आणि गावातले बहुतेक पाणवठे तर या स्थानिक संस्थांकडेच होते!

कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. हेही कागदावरच राहिले. मुसलमान, ख्रिस्ती कोणीही त्या तळ्याचे पाणी भरत. अस्पृश्य गणलेला माणूस मात्र काठाशी जाऊ शकत नव्हता. बोले स्वस्थ बसले नाहीत. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी आणखी एक ठराव मांडला, की ज्या नगरपालिका व बोर्डे पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिल्या ठरावाचे काय झाले हे विचारायला तोच सभासद पुन्हा उभा राहतो, याला आम्ही फार मोठी गोष्ट मानतो.

मग २० मार्च १९२७ हा दिवस उजाडला. महाडला भरलेल्या परिषदेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. ते स्वतः नुकतेच मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले होते. कायदेमंडळाचा ठराव होता, सरकारचा हुकूम होता, नगरपालिकेचा ठराव होता. त्या दिवशी लोकांनी मागितले ते या तीन कागदांवर आधीच लिहून दिलेले होते. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. रोज पाण्याचे नमुने तपासणारे म्हणून आम्ही एवढेच नोंदवतो, की तळ्याचे पाणी खरोखर दूषित झाले असेल तर ते त्या दिवशी.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही स्पृश्यांनी दावा लावून मनाई हुकूम मिळवला, आणि बाबासाहेबांनी दुसऱ्या परिषदेच्या वेळी तळ्यावर जाणे लांबणीवर टाकले. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि प्रथा वादींना सिद्ध करता आलेली नाही. तळे खुले राहिले. बोल्यांच्या पहिल्या ठरावापासून तोपर्यंत साडेतेरा वर्षे लोटली होती.

म्हणजे ठरावाने एकट्याने तळे उघडले नाही. ते लोकांच्या पायांनी, मार खाऊन आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवून उघडले. पण ठराव नसता तर हीच माणसे नवे काही मागणारी ठरली असती. ठरावामुळे ती आधीच कबूल केलेले मागणारी ठरली. प्रश्न आणि ठराव यांचा उपयोग इथेच असतो. ते सरकारकडून काहीतरी लिहून घेतात, आणि लिहिलेले पुढे कोणाच्या तरी कामी येते.

आज ही साधने बरीच वाढली आहेत. महाराष्ट्र विधिमंडळात तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, स्थगन प्रस्ताव अशी नावे आपण बातम्यांत ऐकतो. तारांकित प्रश्नावर छापील यादीत चांदणी असते. त्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, पण लेखी उत्तरे चालू राहिली. या साधनांचा गैरवापरही झाला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून ११ खासदारांना काढून टाकले होते.

आपण राहतो त्या बहारीनमध्येही हा विषय परका नाही. १९७३ च्या संविधानानंतर येथे ३० निवडून आलेल्या सभासदांची राष्ट्रीय सभा आली आणि ऑगस्ट १९७५ मध्ये ती विसर्जित झाली. २००२ च्या संविधानाने दोन सभागृहे आली, ४० निवडून दिलेले सभासद आणि ४० नेमलेले. त्याच्या ९१ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही सभागृहाचा सभासद मंत्र्याला लेखी प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तरावर एकदा बोलण्याचा हक्क फक्त विचारणाऱ्याचा असतो. आपल्या किंवा नातेवाइकांच्या फायद्याचा प्रश्न विचारायला तेथे मनाई आहे, हे आम्हाला विशेष आवडले. गुदैबियातून खरेदी करून परतताना मुलांना ती इमारत दाखवावी आणि आत काय चालते तेही सांगावे.

आपण येथे पाहुणे आहोत, पण मायदेशी आपला खासदार आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालण्याचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला. मत द्यायला मात्र गावी जावे लागते. पत्र लिहायला तेही लागत नाही. आखातातल्या कामगारांचे अडकलेले पगार, येथे मृत्यू पावलेल्यांची संख्या, दूतावासाकडे आलेल्या तक्रारी, यांविषयी लोकसभेत व राज्यसभेत लेखी प्रश्न येतात आणि परराष्ट्र खात्याला देशवार आकडे द्यावे लागतात. कोणी विचारले नाही तर हे आकडे सहसा आपणहून बाहेर येत नाहीत. बोटीने नाताळला गेलेला मजूर आणि विमानाने मनामाला उतरलेला गवंडी यांच्यामध्ये शंभर वर्षे आहेत, तरी दोघांसाठीही कोणीतरी उभे राहून विचारावे लागते.

आता पुन्हा आपल्या सभेकडे. त्या प्रश्नानंतर आम्ही आणि खजिनदारांनी वही तपासली. अनामत रक्कम परत मिळाली होती, पण उशिरा मिळाल्यामुळे ती चुकून दिवाळी कार्यक्रमाच्या जमेत लिहिली गेली होती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मात्र प्रश्न आला नसता तर चूक तशीच राहिली असती. नोंद दुरुस्त केली आहे आणि हिशेब पुढच्या अंकात छापू. त्या सभासदांना सभेत ओशाळे व्हावे लागले, याबद्दल कार्यकारिणीतर्फे आम्ही त्यांची मनापासून माफी मागतो.

यापुढे सभेच्या १५ दिवस आधी सर्वांकडून लेखी प्रश्न मागवावेत आणि त्यांची लेखी उत्तरे सभेतच वाटावीत, असा ठराव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. अनुमोदक हवे आहेत. विरोध असल्यास तोही कळवावा, पण कृपया लेखी.