पंक्ती, पाटी आणि पाव : गिरगाव ते प्रभादेवी परिसरातील शाकाहारी भोजनव्यवस्थेचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मुंबईस आलेल्या परगावच्या माणसापुढे पहिला प्रश्न निवाऱ्याचा आणि दुसरा जेवणाचा असे. निवाऱ्यासाठी गाववाल्याची खोली मिळून जाई. जेवणाचा प्रश्न मात्र केवळ पोटाचा नव्हता. अन्न शाकाहारी आहे काय, या साध्या विचारणेच्या आत ते कोणाच्या हातचे आहे आणि शेजारच्या पाटावर कोण बसले आहे, असे आणखी दोन प्रश्न दडलेले असत. गिरगावापासून प्रभादेवीपर्यंतच्या मराठी वस्तीत या दोन प्रश्नांचे पुढे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अन्न आणि हात

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे उदाहरण येथे बोलके आहे. दादोबा पांडुरंगादी सुधारकांच्या या गुप्त सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावात मांस नव्हते; तरीही तो खाणे हे जातिबंधन तोडल्याचे प्रमाण मानले गेले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर पडण्याच्या धास्तीने सभा विस्कळीत झाली. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले. अशा काळात सोवळे पाळणाऱ्या पाहुण्याने परक्या शहरात जेवावे कोठे?

गांधीजींच्या आत्मकथेतील दोन प्रसंग या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. लंडनमध्ये भटकता भटकता त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपहारगृह सापडले आणि तेथेच विकत घेतलेल्या हेन्री सॉल्ट यांच्या पुस्तिकेने त्यांचा शाकाहार विचारपूर्वक झाला. १८९१ मध्ये विलायतेहून परतल्यानंतर मुंबईत वकिली करू लागलेल्या याच तरुणाने मात्र घरी ब्राह्मण आचारी ठेवला. तो स्वयंपाकात कच्चा निघाला, तेव्हा अर्धा स्वयंपाक गांधीजी स्वतःच करू लागले. लंडनमधील शाकाहारी उपहारगृह हे एका मताचे ठिकाण होते. मुंबईत शाकाहाराची हमी मताने नव्हे, आचाऱ्याच्या जातीने दिली जाई.

'ब्राह्मणी' ते 'स्वच्छ'

गिरगावातील ब्राह्मणी खाणावळी याच गरजेतून उभ्या राहिल्या. नोकरीनिमित्त एकटे राहणारे कारकून व विद्यार्थी हे त्यांचे महिनेवारी गिऱ्हाईक असे; परगावचा पाहुणा त्यांच्याच ओळखीने पंक्तीस बसे. क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृह हे अशा महाराष्ट्रीय पाहुण्यांचे मोठे उतरण्याचे ठिकाण. लोकमान्य टिळक मुंबईत तेथे उतरत व १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसानही तेथेच झाले.

वस्ती उत्तरेकडे सरकली तशी भोजनगृहेही दादरकडे आली. १९१० पासूनची परंपरा सांगणाऱ्या मामा काणे यांच्या दादर स्थानकाजवळील उपहारगृहाच्या नावातील 'स्वच्छ' हे विशेषण लक्षणीय आहे. 'सोवळे' आणि 'स्वच्छ' हे शब्द समानार्थी नव्हेत. सोवळ्यास जन्म लागतो. स्वच्छतेस पाणी, झाडू आणि मालकाची नजर पुरते. पाटीवरील हा बदल व्यापारी सोयीचा असेलही, परंतु त्याने पंक्तीचे दार किलकिले केले, हे नाकारता येत नाही. १९४२ मध्ये माटुंग्यास सुरू झालेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या भोजनगृहांनी दाक्षिणात्य पद्धतीचे शाकाहारी पान अनोळखी माणसासमोर मांडले.

तथापि दार सर्वांसाठी उघडण्यास कायदा लागला. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानांबरोबर सार्वजनिक उपहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. समतेच्या मूलभूत हक्कात उपहारगृहास स्थान द्यावे लागले, यावरूनच त्या दाराशी काय घडत होते याची कल्पना येते. या घटनेच्या शिल्पकाराचे 'राजगृह' हे निवासस्थान दादरच्याच हिंदू कॉलनीत आहे.

गिरणगावातील माळकरी

आतापर्यंतचा इतिहास पांढरपेशांचा झाला. प्रभादेवी, परळ, लालबाग येथील गिरणी कामगार कोकणातून व घाटावरून आला, तो बहुधा एकटाच. पाळ्यांनी वापरल्या जाणाऱ्या खोलीत चूल मांडणे अशक्य. म्हणून तो चाळीतील एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवे. या खाणावळी मुळात शाकाहारी नव्हत्या. कोकणी माणसास मासळी व घाटावरच्यास मटण अधूनमधून हवे असे. परंतु त्याच पंक्तीत गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरीही असे आणि इतरांचेही सोमवार, एकादशी, श्रावण असत. एकाच चुलीवर हे सारे वार सांभाळण्याचे काम खाणावळवालीचे होते. येथील शाकाहार जातीचा नव्हता. तो व्रताचा आणि वाराचा होता. भोजनगृहांच्या इतिहासात या भेदाची पुरेशी दखल घेतलेली नाही, कारण या खाणावळींना पाटीच नव्हती.

त्यांची आर्थिक बाजू नाजूक होती. कामगाराचे पैसे पगारानंतर मिळत, वाण्याची उधारी मात्र रोज चढे. सावकारी व्याजातून या स्त्रियांना सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या दारी आणले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. कामगार गावी परतला आणि खाणावळीतील पाने उठली. ती बहुतांशी पुन्हा मांडली गेलीच नाहीत.

उभ्याने खाणे

वडापाव १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी प्रथम विकला, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या चवीविषयी विपुल लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याचे कारण नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तो उभ्याने खाल्ला जातो. पाट नाही म्हणून पंक्ती नाही आणि पंक्ती नाही म्हणून पंक्तिभेद नाही. शिवाय परमहंस सभेत जो पाव खाणे हे धाडस होते, तोच पाव येथे शाकाहारी खाद्याचा अर्धा भाग झाला. तो कोणत्या भट्टीत, कोणाच्या हातून भाजला गेला, हे उपवास सोडणारा माणूसही विचारीत नाही.

सेनाभवनासमोर १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'आस्वाद'च्या मिसळीस २०१५ मध्ये लंडन येथे जगातील सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. तीही पावाबरोबरच खाल्ली जाते. पाटीवरचा 'ब्राह्मणी' गेला, 'शुद्ध शाकाहारी' आला. मुंबईतील काही गृहनिर्माण संस्थांत मात्र हेच शब्द घर नाकारण्यासाठी वापरले जातात. जुना प्रश्न तेथे नव्या पत्त्यावर राहावयास गेला आहे.

प्रभादेवीस आजही परगावचा माणूस येतो. १८०१ मध्ये बांधलेल्या सिद्धिविनायक मंदिरात मंगळवारी पहाटेपासून रांग लागते. २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या दुसऱ्या बाजूस परळच्या टाटा रुग्णालयात, १९४१ पासून, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांच्या नातलगांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. नवस फेडून निघालेला भाविक आणि रुग्णाच्या उशाशी रात्र काढून आलेला नातलग, दोघेही सकाळी त्याच एका गाडीपाशी उभे राहून वडापाव खाताना दिसतात.