शिकारी सुरी : वापरलेली आणि जपलेली

हत्यारांच्या संग्रहालयांत हिंडणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट सहसा सुचत नाहीं. समोर कांचेच्या कपाटांत जें उरलें आहे, तें बहुधा फारसें वापरलें न गेल्यामुळेंच उरलें आहे. हत्यार कामांत आलें कीं बोथट होतें, बोथट झालें कीं साणेवर चढतें, आणि साणेवर चढलें कीं तितकें कमी होतें. आपल्या घरांतील विळीचेंच उदाहरण घ्यावें. सासूच्या हातीं रुंद असलेलें तिचें पातें सुनेच्या हातीं येईपर्यंत चंद्रकोरीसारखें बारीक होतें, आणि नातसुनेच्या वेळीं तें मोडींत गेलेलें असतें. त्या विळीनें दोन पिढ्यांचा संसार चालविला. परंतु इतिहासास दाखविण्याजोगें तिचें कांहीं मागें राहिलें नाहीं. उलट, दसऱ्यास पूजा होऊन पुन्हां पेटींत जाणारी कट्यार दोनशें वर्षें जशीच्या तशी राहते. म्हणूनच बिचवा, कट्यार, जंबिया यांचीं नांवें आमच्या इतिहासांत आहेत. कातकऱ्याच्या कोयत्याची नोंद करून ठेवावी असें कोणास वाटलें नाहीं.

हा न्याय ज्या हत्यारास विशेषच लागू पडतो, तें म्हणजे पाश्चात्यांची शिकारी सुरी. इंग्लंड-अमेरिकेंत तिचे संग्राहक पुष्कळ आहेत; तिच्यावर ग्रंथ झाले आहेत, तिचीं प्रदर्शनें भरतात, लिलांव होतात. आणि तरीही आमचें म्हणणें असें कीं, संग्रहांतून दिसणारा तिचा इतिहास बराचसा उलटा आहे. तो सुलटा करून पाहिल्यास कारागिरी, कीर्ति आणि श्रम यांच्या परस्परसंबंधाविषयीं बरेंच कांहीं कळतें.

प्रथम नांवाचाच विचार करूं. बंदुकीच्या काळांत शिकार सुरीनें मारली जात नाहीं. जनावर पडल्यावर सुरीचें काम सुरू होतें : पोट उघडून आंतडीं काढणें, कातडें सोलणें, सांधे सुटे करणें, मांसाचे तुकडे पाडणें. मधल्या वेळांत दोरी कापणें, जाळावयास ढलप्या काढणें, पाव कापणें, हीं कामेंही तीच करते. यांपैकीं एकाही कामास हातभर पातें नको असतें. चार-साडेचार इंचांचें, पातळ धारेचें, बोटांनीं सहज वळवितां येणारें पातें असलें म्हणजे झालें. त्याचें टोंक फार उचललेलें असेल, तर पोट उघडतांना तें आंतड्यांत शिरतें आणि मांस नासतें.

या सुरीचे दोन प्रकार. पहिली अखंड पात्याची; तिचें पोलाद मुठींतून आरपार गेलेलें असतें, ती म्यानांत घालून कमरेस लावतात, आणि एका धुण्यांत ती स्वच्छ होते. दुसरी मिटती, ती खिशांत मावते, पण सांध्यांत रक्त व चरबी अडकते, आणि खटका नसेल तर ऐन कामांत मिटून बोटें कापण्याचें भय असतें. मिटता चाकू कांहीं नवा नव्हे; रोमन लोकांच्या काळचे असे चाकू सांपडले आहेत. परंतु शिकारीस तो अखंड सुरीच्या बरोबरीनें चालूं लागला, तो खटका भरंवशाचा झाल्यावरच.

आतां या साध्या हत्यारास कीर्ति कशी मिळाली तें पाहूं. १९ सप्टेंबर १८२७ रोजीं अमेरिकेंत मिसिसिपी नदीमधील, नॅचेझ गांवानजीकच्या एका वाळवंटावर दोन गृहस्थांचें द्वंद्व ठरलें होतें. दोघांच्याही गोळ्या चुकल्या आणि प्रकरण मिटलें. परंतु बरोबर आलेल्या मंडळींतच जुंपली. त्या मारामारींत जेम्स बोवी नांवाचा इसम गोळ्या व वार लागून पडला असतांही त्यानें आपल्या मोठ्या सुरीनें नॉरिस राइट या प्रतिपक्ष्यास ठार केलें. वर्तमानपत्रांनीं ही हकीगत देशभर नेली. पुढें ६ मार्च १८३६ रोजीं टेक्सासमधील अलामोच्या वेढ्यांत बोवी मारला गेला, आणि मग त्याच्याबरोबर त्याची सुरीही दंतकथेंत शिरली.

येथें बखर आणि अस्सल कागद यांतला भेद आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे, तोच लावून पाहावा. बखर सांगते कीं बोवीची सुरी म्हणजे प्रचंड पात्याची, पुढें अंतर्वक्र होऊन वर वळलेल्या टोंकाची, पितळी आडव्या रोधाची जणूं तलवारच. अस्सल कागद म्हणजे जेम्सचा भाऊ रेझिन बोवी यानें १८३८ सालीं प्रसिद्ध केलेलें पत्र. त्यांत तो सांगतो कीं, पहिली सुरी लुइझियानांत आपणच तयार केली आणि ती शिकारीसाठीं होती. तिची लांबी सव्वानऊ इंच, रुंदी दीड इंच. धार एकीकडेच, पातें वांकडें नाहीं. म्हणजे जिच्या नांवावर पुढें लक्षावधि पात्यांचा व्यापार झाला, ती मूळ वस्तु खाटकाच्या सुरीहून फारशी निराळी नव्हती. आपल्यापाशीं असलेली सुरी तीच, असें सांगणारे मागाहून अनेक निघाले; परंतु जेम्स बोवीची म्हणून निर्विवाद ठरलेली एकही सुरी आजवर पुढें आलेली नाहीं.

दंतकथेचें फळ मात्र खरें होतें. १८३७ सालच्या डिसेंबरांत आर्कान्सा राज्याच्या विधिमंडळांत, चालू सभेंत, अध्यक्ष जॉन विल्सन यानें जे. जे. अँथनी या सभासदास अशाच सुरीनें ठार केलें. त्याच वर्षी अलाबामा राज्यानें या सुरीच्या विक्रीवर शंभर डॉलर कर बसविला, आणि १८३८ त टेनेसीनें तिची विक्रीच बंद केली. शिकारीचें नांव लावून माणसें मारणारें हत्यार विकलें जात होतें. कायद्यास त्याच्या नांवाची भुरळ पडली नाहीं, गिऱ्हाइकास पडली.

त्या गिऱ्हाइकास माल पुरविला तो मुख्यतः इंग्लंडांतील शेफील्ड शहरानें. हें गांव सुऱ्यांसाठीं चॉसर कवीच्या काळापासून प्रसिद्ध. तेथील सुरीकारांच्या संघास १६२४ त सनद मिळाली होती, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन यानें तेथें मुशींत वितळविलेलें एकजिनसी पोलाद करण्यास आरंभ केला होता. (मुशीचें पोलाद दक्षिण हिंदुस्थानास त्याच्या कितीतरी शतकें आधीं ठाऊक होतें, हें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.) जॉर्ज वोस्टनहोम हा शेफील्डचा कारखानदार स्वतः वारंवार अमेरिकेस जाऊन मागण्या गोळा करी, त्यानें आपल्या कारखान्यास नांवही ‘वॉशिंग्टन’ असें दिलें होतें. पात्यांवर गिऱ्हाइकाच्या मनाजोगीं अक्षरें तेजाबानें कोरलीं जात : कोणावर शिकाऱ्याचा सोबती, कोणावर आत्मरक्षक, तर कोणावर गुलामगिरी बंद करूं पाहणाऱ्यांच्या मरणाची इच्छा. ज्या हातांनीं तीं अक्षरें कोरलीं त्यांचा त्या भांडणाशीं कांहीं संबंध नव्हता.

याच शहरांत जोझेफ रॉजर्स यांच्या कारखान्यानें १८२२ सालीं १८२२ पात्यांचा एक मिटता चाकू केला, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं ७५ पात्यांचा दुसरा. दोन्हींतले कौशल्य अलौकिक आहे. परंतु या चाकूंनीं कधीं सुतळी तरी कापली असेल असें वाटत नाहीं. मुठींसाठीं हस्तिदंत येई, आणि आमच्या जंगलांतील सांबराचें शिंग येई. तें शिंग दरवर्षी गळून पडतें. आंतून बरेंच भरीव आणि वरून खडबडीत असल्यामुळें ओल्या हातांतूनही निसटत नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या सरकारनें त्याची निर्यात बंद केली. शिंगाच्या मुठीच्या जुन्या विलायती शिकारी सुरीचा एक तुकडा अशा रीतीनें पुष्कळदां आमच्याकडचाच असतो.

या सुऱ्यांच्या कपाटांत एक गोष्ट मात्र कधींच दिसत नाहीं. ती म्हणजे पातीं घासणाऱ्या शिकलगाराचें फुप्फुस. पातें घडविणारा लोहार एक, घासणारा दुसरा, मूठ बसविणारा तिसरा, अशी तेथें कामाची वांटणी होती. घासणारा वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर ओणवा होऊन बसे, आणि दगडाची व पोलादाची धूळ श्वासावाटे आंत घेई. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनीं १८४३ सालीं या रोगावर लिहिलें. जेवणाचे कांटे कोरड्या चाकावर घासले जात. ते घासणाऱ्यांपैकीं फार थोडे तिशीपलीकडे जगत. सुऱ्या बहुधा ओल्या चाकावर घासल्या जात, म्हणून त्यांचे शिकलगार अधिक जगत. पण खोकला त्यांसही चुकला नव्हता. चाकांवर धूळ ओढून नेणारे पंखे बसविण्याची युक्ति तेव्हां माहीत होती. तरी पुष्कळ ठिकाणीं ते बसले नाहींत. पात्यावर ज्याचें नांव उमटलें तो कारखानदार. ज्याच्या श्वासानें त्या पात्यास चकाकी आली त्याचें नांव कोठेंच नाहीं.

इकडे अमेरिकेंत, जे खरोखर रानांत राहत त्यांचें मत काय होतें? १८८५ सालीं तरुण थिओडोर रूझवेल्ट यानें न्यूयॉर्कमधील छायाचित्रशाळेंत शिकाऱ्याच्या वेषांत एक छायाचित्र काढविलें. अंगांत हरणाच्या कातड्याचा पोशाख, हातांत बंदूक, आणि कमरेस टिफनी या प्रसिद्ध जवाहिऱ्यांकडून करविलेली रुप्याच्या मुठीची सुरी. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८४ त, पेनसिल्वेनियांतील जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नांवाच्या एका ठेंगण्या चांभारानें ‘नेसमक’ या टोपणनांवानें वनवासावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. दुकानांत मांडलेल्या शिकारी सुऱ्या जाड व अवजड असतात, असें त्याचें मत होतें. त्याचा संच तीन हत्यारांचा : एक हलकी दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याची अखंड सुरी, आणि दोन पात्यांचा एक मिटता खिसेचाकू. १९०६ सालीं होरेस केफार्ट या, ग्रंथपालाचें काम सोडून डोंगरांत राहावयास गेलेल्या लेखकानें हेंच मत पुन्हां मांडलें. त्याच्या आवडत्या सुरीचें पातें साडेचार इंचांचें होतें. रूझवेल्ट पुढें मोठा शिकारी झाला यांत शंका नाहीं. परंतु जवाहिऱ्याची सुरी आणि चांभाराची सुरी यांपैकीं कामाची कोणती, हें सांगावयास नकोच.

विसाव्या शतकांत चांभाराचा पक्ष हळूहळू जिंकला. १९३६-३७ च्या सुमारास फ्लॉरिडांतील बागाईतदार वॉल्टर रँडल हा मिशिगनमधील एका सरोवराकांठीं गेला असतां, एक मनुष्य होडीचा जुना रंग सुरीनें खरवडीत असलेला त्यास दिसला. आणि इतकें करूनही धार गेली नव्हती. ती सुरी विल्यम स्केगल या कारागिराची होती. रँडलनें ती विकत घेतली आणि पुढें स्वतः सुऱ्या करूं लागला. १९५३ त बॉब लव्हलेस हा खलाशी न्यूयॉर्कच्या दुकानांत रँडलची सुरी मागावयास गेला. ती मिळावयास कित्येक महिने लागतील असें ऐकून त्यानें पॅकार्ड मोटारीच्या पाट्याच्या पोलादाची एक सुरी आपणच केली. मोटारीच्या पाट्याचा कोयता करणाऱ्या आमच्या लोहारास यांत नवल वाटणार नाहीं. टोंक किंचित् खालीं उतरविलेलें, आंतड्यांत न शिरणारें लहान पातें लव्हलेसनें लोकप्रिय केलें. १९६४ त बक कंपनीनें पाठीस खटका असलेली मिटती शिकारी सुरी काढली. पावणेचार इंचांचें तिचें पातें एकदां उघडलें कीं आपोआप मिटत नाहीं.

पण दैवाची गंमत अशी कीं, २०१० सालीं लव्हलेस वारला त्याच्या पुष्कळ आधींच त्याच्या सुऱ्यांना इतकी किंमत आली होती कीं त्यांनीं सशाचें कातडें सोलण्याचेंही धाडस कोणी करीना. केवळ उपयोगासाठीं घडविलेली वस्तु उपयोगास पारखी झाली. संग्राहकांच्या बाजारांत आजही हाच नियम चालतो : पातें एकदां साणेवर चढलें कीं त्याची किंमत उतरते.

संग्राहकांस आम्ही दोष देतों असें मात्र नव्हे. त्यांनीं जपलें नसतें तर शेफील्डची कारागिरी आज ऐकीवच राहिली असती. जपण्याची दुसरीही एक रीत आहे. त्याच शहरांतील केन हॉली हा हत्यारांचा दुकानदार (१९२७-२०१४) जन्मभर तयार मालाबरोबरच अर्धवट घडलेलीं पातीं, कारागिरांचीं अवजारें, किमतींचीं पत्रकें आणि बंद पडणाऱ्या कारखान्यांतील अडगळ गोळा करीत राहिला. तो संग्रह आज केल्हम आयलंड येथील संग्रहालयांत आहे. वस्तु कशी दिसे एवढेंच नव्हे, तर ती कोणी व कशी केली, हें त्यांतून कळतें.

आमच्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची हौस उरलेली नाहीं, आणि तें योग्यच झालें. सांबर आतां मेळघाटांत आपलीं शिंगें स्वस्थपणें टाकीत असतें. तेव्हां आजोबांच्या पेटींत एखादी शिंगाच्या मुठीची विलायती सुरी सांपडली, तर ती बहुधा जपूनच ठेवावयाची. परंतु तिच्याजवळ स्वयंपाकघरांतली झिजून कोर झालेली विळीही ठेवावी, असें आम्ही सुचवितों. दोहोंपैकीं जिचें पोलाद कमी उरलें आहे, तिच्याकडून सांगण्यासारखें अधिक निघेल.