इन्शुलिनसाठी संसदेच्या दारी

'लॉबिंग' हा शब्द आपल्याकडे काहीशा संशयानेच उच्चारला जातो. उद्योगसमूहांचे मध्यस्थ आणि सत्ताधारी यांच्यातील बंद दाराआडची देवघेव, असेच चित्र त्यातून उभे राहते. अमेरिकेत मात्र हेच साधन मधुमेही मुले, त्यांचे पालक आणि सामान्य रुग्ण यांनीही हाती घेतले. त्यांच्या पदरी काय पडले हे पाहताना एक विसंगती ठळकपणे जाणवते. संशोधनासाठी निधी मिळवणे त्यांना तुलनेने सोपे गेले. औषधाचा भाव खाली आणणे मात्र महाकठीण ठरले.

टाइप-१ मधुमेहात शरीरात इन्शुलिन तयार होणे जवळपास थांबते आणि रुग्णाला, अनेकदा बालवयापासूनच, बाहेरून इन्शुलिन घेण्यावाचून गत्यंतर नसते. अशा मुलांच्या पालकांनी १९७० मध्ये स्थापन केलेली संस्था पुढे 'जेडीआरएफ' या नावाने प्रसिद्ध झाली (२०२४ पासून 'ब्रेकथ्रू टी-वन-डी'). अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९९७ मध्ये 'स्पेशल डायबिटीस प्रोग्रॅम' मंजूर केला. टाइप-१ च्या संशोधनासाठी वर्षाला तीन कोटी डॉलर आणि मूळ अमेरिकी जमातींमधील मधुमेहाच्या उपचार व प्रतिबंधासाठी तेवढेच, अशी ती तरतूद होती. २००४ पासून दोन्ही रकमा प्रत्येकी १५ कोटींवर गेल्या. ही तरतूद मुदतीची असल्याने ती संपत आली की पुन्हा मंजुरी मिळवावी लागते. साहजिकच स्वयंसेवकांना उसंत अशी नाहीच.

१९९९ पासून दर दोन वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये 'चिल्ड्रन्स काँग्रेस' भरवण्याची प्रथा पडली. चार ते सतरा वर्षांची मुले सिनेटर व प्रतिनिधींच्या कार्यालयात जाऊन आपली दिनचर्या सांगतात. स्वतः टाइप-१ मधुमेही असलेल्या अभिनेत्री मेरी टायलर मूर यांनी वर्षानुवर्षे या मुलांची बाजू मांडली. मतदारसंघातील भेटीगाठींचे काम वेगळेच. मुलांची भावनिक साद हे या यशाचे एक कारण खरे. पण संशोधनाला दिलेला पैसा कुणाच्याच नफ्याला धक्का लावत नाही, हे दुसरे कारणही तितकेच खरे. रोगाची चाहूल लागलेल्यांमध्ये तो लांबवणारे 'टेप्लिझुमॅब' हे औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले. त्यामागील चाचण्यांना याच निधीचा हातभार होता.

भावाचा प्रश्न आला की चित्र पालटते. इन्शुलिनचे पेटंट संशोधकांनी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले होते. त्याच औषधाच्या आधुनिक प्रकाराची, 'ह्युमालॉग'ची कुपी १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरला होती. २०१९ पर्यंत तिची छापील किंमत २७५ डॉलरच्या आसपास पोहोचली. आईच्या विम्याचे छत्र वयाच्या २६ व्या वर्षी संपलेला मिनेसोटातील अ‍ॅलेक स्मिथ हा तरुण जून २०१७ मध्ये, परवडत नसल्याने इन्शुलिन पुरवून वापरताना दगावला. त्याच्या आईवडिलांनी राज्य विधिमंडळाचे उंबरठे झिजवले. '#इन्शुलिन-फॉर-ऑल' या चळवळीतील रुग्ण २०१९ मध्ये सीमा ओलांडून कॅनडात गेले आणि तेथील दुकानांतून जवळपास दशांश किमतीत इन्शुलिन घेऊन आले. ही शोभायात्रा नव्हती, त्यांना औषध हवेच होते. चळवळीमागील 'टी-वन-इंटरनॅशनल' ही संस्था औषध कंपन्यांकडून देणगी घेत नाही, हेही नोंदवण्याजोगे.

एप्रिल २०२० मध्ये मिनेसोटात अ‍ॅलेकच्याच नावाने कायदा झाला. सात दिवसांहून कमी साठा उरलेल्या पात्र रुग्णाला ३५ डॉलरपर्यंतच्या शुल्कात ३० दिवसांचे इन्शुलिन मिळण्याची सोय त्यात आहे. अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी औषध उत्पादकांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

केंद्रीय पातळीवर ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने 'मेडिकेअर'च्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठ नागरिकांच्या, विम्यात महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आणली. ती जानेवारी २०२३ पासून लागू झाली. खासगी विमाधारकांनाही तीच सवलत देण्याच्या तरतुदीला सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मते पडली. बहुमत होते, पण गरज ६० मतांची होती. मार्च २०२३ मध्ये तिन्ही बड्या उत्पादकांनी अनेक इन्शुलिनांच्या किमती ७० टक्के वा त्याहून अधिक घटवल्याची घोषणा केली. त्याचे सारे श्रेय स्वयंसेवकांना देता येणार नाही. २०२४ पासून बदललेल्या 'मेडिकेड'च्या सवलत-नियमांमुळे चढी किंमत ठेवणे कंपन्यांनाच महागात पडणार होते. शिवाय कंपनीने आपणहून कमी केलेला भाव तिला पुन्हा वाढवताही येतो. म्हणूनच कायद्याची मागणी रुग्णांनी सोडलेली नाही.