9422 चा माग

परवा शनिवारी लातूरला घरी गेलो होतो. बाबांना पुन्हा एकदा सांगून बघितलं, "आता तरी सिम पोर्ट करा."

"नंबर बदलायचा नाही. सगळ्या पाहुण्यांकडं हाच हाय."

"अहो, नंबर तोच राहतो, फक्त कंपनी बदलते."

"मग कंपनी तरी कशाला बदलायची?"

आता या लॉजिकला काय उत्तर देणार? पुण्याला परतताना ट्रॅव्हल्समध्ये झोप येईना, म्हणून या 9422 चा माग काढत बसलो.

गोष्ट मोबाईलच्या आधी सुरू होते. 1984 साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. तेव्हाच्या मोठ्या परदेशी एक्स्चेंजना एसी खोली लागायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि लाईट गायब! सी-डॉटच्या इंजिनियर लोकांनी 128 पोर्टचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, एसीशिवाय चालणारं. 1986 मध्ये ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं आणि पुढे देशभरच्या खेड्यांत गेलं. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. लातूरचा 02382, नांदेडचा 02462 हे कोड लोकांना तोंडपाठ झाले. रात्री 11 नंतर पाव दर, म्हणून तेव्हाच रांग!

मोबाईल भारतात 1995 ला आला, पण खाजगी कंपन्यांचं लक्ष आधी मोठ्या शहरांवर. ऑक्टोबर 2002 मध्ये बीएसएनएलने सेलवन सुरू केलं आणि महाराष्ट्रात 9422 ने सुरू होणारे नंबर दिसू लागले. मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं आणि मोबाईल खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या खिशात आला.

यात थोडं फिजिक्सही आहे. जीएसएम 900 मेगाहर्ट्झवर लांब जातं. सपाट माळरानावर एक टॉवर बरीच गावं सांभाळतो (नियमाप्रमाणे कमाल मर्यादा 35 किलोमीटर). 2009 ला थ्रीजी आलं ते 2100 वर. फ्रिक्वेन्सी जास्त, पल्ला कमी. म्हणजे तेवढ्याच भागाला जास्त टॉवर, जास्त बॅटऱ्या, जास्त डिझेल. खेड्यात हे गणित कुणालाच परवडत नाही.

आणि फोरजी? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि खेळच बदलला. बीएसएनएलचं फोरजीचं टेंडर 2020 मध्ये रद्द झालं, कारण उपकरणं देशीच हवीत असं ठरलं. 2023 मध्ये टीसीएसच्या गटाला ऑर्डर मिळाली, लांब पोचणारा 700 मेगाहर्ट्झचा पट्टाही मिळाला. उद्घाटन झालं 27 सप्टेंबर 2025 ला. रेडिओ तेजसचे, आणि कोअर कुणाचा? सी-डॉटचा!

गंमत बघा. जवळपास चाळीस वर्षांनी तीच संस्था परत आली. फरक एवढाच की 1986 ला सुरुवात गावच्या उन्हापासून झाली होती, यावेळी टेंडरच्या अटींपासून. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड चांगला होता, रिलीज नऊ वर्षं लेट झाली. दरम्यान लाखो युजर निघून गेले. देशी कोअर असणं मला मोलाचं वाटतं, पण उशिराची किंमत खेड्यातल्या माणसाने मोजली हेही तितकंच खरं.

असो. बाबांचं सिम अजून तेच आहे. पुढच्या खेपेला पोर्टचा विषय काढणार नाही. फोरजीचं सिम तेवढं बदलून देईन. नंबर तोच राहतो.