तालाची वहिवाट

मालवणच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले आचरे हे श्री देव रामेश्वराचे इनाम गाव. येथे देव हाच धनी, आणि त्याचा कौल झाला म्हणजे सारी रयत गुरेढोरे, कोंबडी-कुत्री यांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहते. या गावपळणीत ओस पडणाऱ्या घरांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला मात्र त्या झोपड्यांतून रात्री उठणाऱ्या भजनाचे अगत्य अधिक वाटते, कारण घरदार सोडून निघालेल्या या माणसांनी ताल काही मागे टाकलेला नसतो.

या मुलखात पखवाज केवळ साथीपुरता कधीच नव्हता. जत्रेच्या रात्री देवळाच्या सभामंडपात उभा राहणारा दशावतार पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्याच सरंजामावर पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालतो. त्याला लिखित संहिता नसते, संवाद नटांच्या तोंडी जागच्या जागी उमलतात. म्हणूनच संकासुराचा मालवणी धुमाकूळ, राजाचा प्रवेश, युद्धाचा आवेश आणि राणीचा विलाप यांची गती राखण्याचा भार गाणाऱ्या नायकावर, म्हणजे सूत्रधारावर, आणि त्याच्या शेजारच्या पखवाज्यावर पडतो, आणि ज्याच्या हातांना एवढी आख्याने पाठ झाली, त्याच्या कंठात ती उतरावीत यात नवल कसले! १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे गाऊन खेळ हाकण्याचे काम त्यांनीही सूत्रधाराकडेच ठेवले होते. ‘रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा’ ही म्हण नटाची; पण पेटाऱ्यामागून तीच वाट तुडवणाऱ्या पखवाज्याचे नाव लोकांच्या मुखी क्वचितच राहिले, आणि हा मला अन्याय वाटतो.

हातांतला ताल असा कंठात उतरणे केवळ याच मुलखात घडते असे नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत, आर्कान्सॉच्या कापूसशेतीत वाढलेला लेव्हन हेल्म ‘द बँड’ या रॉक वाद्यवृंदात ड्रम वाजवी आणि वाजवता वाजवता गाई. कर्करोगाने हरवलेला आवाज हळूहळू परत मिळवून त्याने २००७ साली ‘डर्ट फार्मर’ या ध्वनिमुद्रिकेत आईबापांकडून ऐकलेली जुनी ग्रामीण गीते गायिली आणि घराशेजारच्या कोठारात आपलाच वाद्यवृंद घेऊन मैफली भरवल्या. हे वृत्त वाचताना मला परके असे काहीच वाटले नाही.

आचऱ्याचे नाव आडनावात वागवणाऱ्या तबलावादक वसंतराव आचरेकरांनी मात्र गायकी पत्करली नाही. कुमार गंधर्वांच्या गाण्याला वर्षानुवर्षे तबल्याची साथ करताना ते स्वरामागे इतक्या समंजसपणे उभे राहिले, की ती साथ त्या गायकीचाच एक अवयव झाली. कणकवलीत नाटक आणि संगीत यांची जोपासना करणारे सांस्कृतिक प्रतिष्ठान आज त्यांच्याच नावाने चालते.